पंपवाल्याचं नाक

वीस वर्षं पेट्रोल पंपावर मॅनेजरकी करणाऱ्या माणसाची मोटारसायकल पेट्रोल संपून बंद पडावी, आणि तीही पंप समोर दिसत असताना, यापरती दुसरी फजिती मला तरी ठाऊक नाही. माझी ती झाली. झाली ती नेमकी अशा सकाळी, की बेंबळीच्या रस्त्याला पंपापासून पार चिंचेपर्यंत ट्रॅक्टर, जेसीबी आणि जीपगाड्यांची रांग लागलेली होती. सगळी माणसं पावसात उभी होती आणि त्यांना बघायला दुसरं काही नव्हतं.

बायकोनं दोन दिवस आधीच सांगितलं होतं, गाडी रिझर्वला आलीय, पंपावर जाताच आहात तर टाकून या. मी तिला म्हणालो होतो, विहिरीवर राहणाऱ्यानं घागरी भरून ठेवायच्या असतात का? आता ती घागर ढकलत मी रांगेच्या कडेनं चाललो होतो. चपला चिखलात रुतत होत्या, चष्म्यावरून पाणी गळत होतं. जेसीबीवर बसलेला एक ओळखीचा ड्रायव्हर वरून म्हणाला, "मॅनेजर, बाटली आणली असंल तर परत जावा. हितं बाटलीत देत न्हाईत."

सगळी रांग हसली. त्याचं कारण पंपावर लावलेली पाटी. ती मीच रंगवून घेतलेली. 'बाटलीत, कॅनमध्ये, ड्रममध्ये तेल मिळणार नाही.' एवढं सगळ्याच पंपांवर असतं. त्याखाली मी माझ्या मनानं एक ओळ वाढवली होती : 'मागून अपमान करून घेऊ नये.' नियमाच्या बाबतीत मी असा. सासरे शेतातली मोटर चालू करायला कॅन घेऊन आले होते, त्यांनाही मी परत पाठवलं होतं. त्या दिवाळीला मला सासरहून टोपी आली, टॉवेल आला, पण सासरे काही बोलले नाहीत.

आमच्याकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो. येणार येणार म्हणतो, आला की दोन दिवस राहतो आणि कुणी थांब म्हणायच्या आत निघतो. त्या वर्षी मात्र तो घरजावई झाला. नदीनं पात्र सोडलं, ओढ्यांनी रस्ते धरले. ज्या शिवारात आम्ही जन्मभर पाण्याच्या टँकरची वाट बघितली, तिथं माणसं पत्र्यावर चढून बोटीची वाट बघत होती. लाईट गेली, पंप जनरेटरवर आला. सोलापूरकडून निघालेला आमचा तेलाचा टँकर पुलाच्या पलीकडं अडकला. म्हणजे जमिनीखालच्या टाकीत होतं तेवढंच तेल. तहसिलातून फोन आला, की आधी बोटी, अँब्युलन्स, जेसीबी आणि दवाखान्याची जनरेटरं, बाकीच्यांना थांबवा. साहेबांचं सांगणं सोपं असतं. थांबवायचं काम माझ्याकडं आलं.

पण खरं सांगायचं तर मला फारसं थांबवावं लागलं नाही. दोन तास रांगेत उभा राहिलेला एक शेतकरी नोझलजवळ आला आणि मागं अँब्युलन्स दिसताच ट्रॅक्टर बाजूला घेऊन परत शेवटाला जाऊन उभा राहिला. जाताना मला म्हणाला, तुमची टाकी खाली होऊ देऊ नका म्हंजे झालं. मी तासातासाला टाकीत डिप टाकून बघत होतो. डिप म्हणजे तेल मोजायची लांब पितळी काठी. तिच्या टोकाला आम्ही एक मोहरीच्या रंगाची पेस्ट लावतो. टाकीच्या तळाला पाणी असेल तर ती पेस्ट लालभडक होते, नुसतं तेल असेल तर रंग बदलत नाही. पंपवाल्याच्या जिवाला दोनच घोर, तेल संपायचा आणि तेलात पाणी शिरायचा. त्या दिवसांत पेस्टची नळी माझ्या शर्टाच्या खिशातून हलली नाही. पहिल्या दिवशी घरचा रस्ता बंद झाला आणि मी पंपावरच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

काकू म्हणजे आमच्या गुरुजींच्या मंडळी. शाळेत गुरुजींनी आम्हाला गणित शिकवलं. निदान त्यांच्या बाजूनं शिकवलं. गुणोत्तर-प्रमाण हे प्रकरण माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. उत्तर काढून मी पाटी पुढं केली, की ते पाटीकडं न बघता विचारायचे, "ताळा केलास का?" उत्तर उलटं फिरवून तपासायचं म्हणजे ताळा. मी केलेला नसायचा. मग पाटी परत यायची. असं चार-पाचदा झालं की मधल्या सुट्टीत काकू मला घरी बोलवून भाकरी द्यायच्या. गणितात माझी प्रगती का झाली नाही, याचं एक कारण ती भाकरीही असावी.

रिटायर झाल्यावर गुरुजी नदीपलीकडच्या आपल्या गावीच राहिले. गेल्या दोनेक वर्षांत त्यांची फुप्फुसं थकली. हवेतला ऑक्सिजन ओढून नाकाला देणारं मशीन घरी आलं. ते लाईटवर चालतं. काकू फोनवर सांगत होत्या, की लाईट काल सांजच्यालाच गेली. गावातल्या मंडपवाल्यानं आपलं लग्नातलं जनरेटर आणून दारात लावलं, त्यावर मशीन चालू आहे. पण गावातलं डिझेल संपत आलं. ट्रॅक्टर होते त्यातले निम्मे पाण्याखाली गेले, उरलेल्यांच्या टाक्यांतलं काढून वापरलं. आता दुपारपर्यंत पुरेल. मग एक लहान सिलेंडर आहे, ते तासाभराचं. मशीन बंद ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय.

मी विचारलं, बोट आली नाही का? तर बोट आली होती. बचाव पथकाच्या जवानांनी गुरुजींना उचलायची तयारीही केली होती. पण खालच्या वस्तीत माणसं पत्र्यावर बसलीत हे कळल्यावर गुरुजी हलायला तयार नाहीत. मी कोरड्यात बसलोय, माझं मशीन चालू हाय, आधी त्यांना काढा, म्हणाले. काकू म्हणाल्या, "तुला तर ठावं हाय, त्यांचं उत्तर एकदा आलं की बदलत न्हाय."

मग मागून गुरुजींचा आवाज आला. दोन शब्दांमध्ये श्वास घेत होते, पण चेष्टा सोडली नव्हती. "त्याला मागू नको. तो कॅनमधी देत न्हाय. अपमान करतो."

मी फोन ठेवला आणि भांडं शोधायला लागलो. वीस वर्षं कॅन दिसला की हाकलला, त्यामुळं गरजेला पंपावर एकही धड कॅन नव्हता. शेजारी पिण्याच्या पाण्याचा प्लांट आहे. तो गुरुजींच्या गावच्या शाळेत अडकलेल्या माणसांसाठी पाण्याचे जार बोटीबरोबर पाठवत होता. लग्नाकार्यात असतात ते झाकणाचे, जाड, आतलं काही न दिसणारे जार. त्यातला एक रिकामा मागून घेतला, धुतला, कोरडा केला आणि माझ्याच पाटीखाली उभं राहून त्यात डिझेल भरलं. रांगेतल्या कुणीतरी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

एवढ्यात बोटीचे जवान पेट्रोल घ्यायला आले. त्यांच्या इंजिनाला पेट्रोलात ऑईल मिसळावं लागतं, पन्नासाला एक. माझ्या आयुष्यात गुणोत्तर-प्रमाण असं दारात येऊन उभं राहील हे मला वाटलं नव्हतं. वीस लिटरला किती? मी बोटांवर हिशेब केला, चारशे मिली आलं. उलटा गुणून ताळाही केला. तोवर एका जवानानं ऑईलची बाटली पुढं केली. "काका, बाटलीवर खूण हाय. तिथपर्यंत भरायचं." तरी माझं उत्तर खुणेपाशीच आलं होतं, हे मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो.

जारांच्या गर्दीत डिझेलचा जार कळावा म्हणून मी त्याच्या कडीला माझा लाल रुमाल बांधला. जवान म्हणाले, घर दाखवायला कुणीतरी चला. मी चला म्हणालो. मला पोहता येत नाही हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. लाइफ जॅकेट माझ्या पोटावर बंद होईना. शेवटी त्यांनी ते सुतळीनं बांधलं, पाठवणीच्या पोत्यासारखं.

बोट कशी गेली हे मला नीट सांगता येणार नाही. माझा चष्मा धुक्यानं आणि पावसानं भरला होता. खाली जोंधळ्याचं रान आहे, हे डावीकडं वर आलेल्या बाभळीच्या शेंड्यावरून कळायचं. जवान विचारत होते, पांदण कुठली, मारुती कुठला. मला दिसायला तर पाहिजे. म्हणून मी हाताशी आलेल्या रुमालानं चष्मा पुसला. मग आणखी एकदा पुसला. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला. नीटनेटकेपणा अंगात मुरला की असं होतं.

गावाच्या चढाला बोट लागली. माणसांनी हातोहात जार उतरवले आणि चिखलात ओळीनं मांडले. एक गुरुजींकडं, बाकी शाळेकडं. जवान म्हणाले, काका, तुमचा कुठला? मी लाल रुमाल शोधला. तो माझ्या खिशात होता.

इथं मी एक सांगायचं टाळलं होतं, ते आता सांगतो. त्या क्षणी मी म्हणायला पाहिजे होतं, की माझी चूक झाली, सगळी झाकणं उघडून बघा. पण वीस माणसं बघत होती. त्यातली तीन-चार तर कधी ना कधी माझ्याकडून रिकामा कॅन घेऊन परत गेलेली. मी वाकलो, एका जारचं झाकण किंचित उचललं, हुंगलं, आणि तज्ज्ञासारखी मान हलवली. डिझेलचा वास स्पष्ट येत होता. हाच, म्हणालो. बाकीचे जार शाळेकडं गेले. बोट खालच्या वस्तीकडं गेली.

गुरुजींचं घर उंचावर आहे, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत जनरेटर धडधडत होतं आणि त्यावर मंडपवाल्यानं लग्नातली पिवळी ताडपत्री ताणली होती. तिच्या उजेडात सगळंच पिवळं दिसत होतं : भिंत, मंडपवाल्याची दाढी, माझे हात. आत खाटेवर गुरुजी बसले होते, मागं भिंतीवर बुद्धाची तसबीर, नाकाला नळी. मला बघून त्यांनी जॅकेटच्या सुतळीकडं बोट केलं आणि हसले. हसल्यावर खोकला आला, म्हणून काकूंनी त्यांना हसू नका म्हणून दम दिला.

मंडपवाल्यानं जनरेटरच्या टाकीत वाकून बघितलं आणि नरसाळं लावलं. म्हणाला, "आन इकडं मॅनेजर, आता घोटभरच उरलंय."

मी जार उचलला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि मला म्हणाल्या, "जरा लांब हो बघू." मी लांब झालो. त्या जारवर वाकल्या. मग माझ्याजवळ आल्या. मग परत जारवर वाकल्या.

"बाळा, वास तुझ्या शर्टाला येतोय. ह्याला न्हाय."

मी म्हणालो, काकू, वीस वर्षं मी हेच काम करतोय. त्या म्हणाल्या, म्हणूनच. मंडपवाला जार हातात धरून कधी माझ्याकडं, कधी काकूंकडं बघत राहिला. पिवळ्या ताडपत्रीखाली जारातलं पाणी म्हणा की तेल, पिवळंच दिसत होतं. जनरेटर एकदा अडखळलं.

आतून गुरुजींचा आवाज आला, बारीक पण ओळखीचा.

"ताळा केलास का?"

माझा हात आपोआप खिशाकडं गेला. रुमालाखाली पेस्टची नळी होती. काठी हवी होती. काकूंनी खुंटीवरची गुरुजींची लाकडी फूटपट्टी आणून दिली. ती माझ्या तळहाताच्या चांगल्या ओळखीची. तिच्या टोकाला पेस्ट लावली, जारात बुडवली आणि बाहेर काढून ताडपत्रीच्या बाहेर, उजेडात धरली.

लालभडक.

ते पाणी नरसाळ्यातून टाकीत गेलं असतं, तर जनरेटर नुसतं बंद पडलं नसतं. सगळं खोलून, धुऊन, वाळवून बसवायला दिवस गेला असता. आणि सिलेंडर तासाभराचं. हे मला कळलं होतं, मंडपवाल्याला कळलं होतं, आणि काकूंनाही, कारण त्या सिलेंडरची चावी हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांची बोटं चावीवर घट्ट होती. मला कुणी रागं भरलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी शाळेकडं पळालो. पळालो म्हणजे माझ्या वयाचा, सुतळीनं बांधलेला माणूस गुडघाभर चिखलात जेवढं पळतो तेवढं. मागं जनरेटरचा आवाज येत होता. मारुतीच्या पारापाशी तो थांबला. मला वाटलं पावसात ऐकू येत नसेल. उभं राहून ऐकलं. थांबलाच होता.

शाळेच्या व्हरांड्यात चुली पेटल्या होत्या. गावातल्या बायका सगळ्यांसाठी खिचडी टाकत होत्या. व्हरांड्याच्या पार टोकाला, चुलीपासून लांब, एक जार एकटाच ठेवला होता, विटाळशी बसवल्यासारखा. मी काही विचारायच्या आत एक म्हातारी म्हणाली, "आला व्हय धनी? खिचडीला फोडणी घालायला पाठवलं व्हतं का हे?" तिच्या शेजारची म्हणाली, झाकण उघडायच्या आधीच कळलं आम्हाला, पोरंसुद्धा नाक दाबून पळाली. सगळ्या गावाला कळलं होतं. एकट्या पंपवाल्याला कळलं नव्हतं.

जार मोठा, मी दमलेला. त्या दोघींनीच तो दोन बाजूंनी धरला आणि मला वाटेतून बाजूला व्हा म्हणाल्या. मी त्यांच्या मागून चालत गेलो. दारात पोचताच मी पहिल्यांदा फूटपट्टी पुसून पुन्हा पेस्ट लावली आणि जारात बुडवली. म्हातारी म्हणाली, आता आणि काय पूजा करतोस? पण मी बुडवली. रंग बदलला नाही. मग मंडपवाल्यानं नरसाळं लावलं, पंप मारून हवा काढली, आणि तिसऱ्या झटक्याला जनरेटर सुरू झालं. काकूंनी सिलेंडरची चावी फिरवून बंद केली आणि मशीनची नळी परत गुरुजींच्या नाकाला लावली. मग त्या पडवीच्या पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

गुरुजींनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, "दोन्ही वेळा केलास ताळा?"

मी व्हय म्हणालो.

"मग पास," म्हणाले. आणि काकूंना सांगितलं, ह्याला भाकरी दे.

संध्याकाळच्या आत खालच्या वस्तीतली सगळी माणसं वर आली. मग बोट गुरुजींसाठी आली. मंडपवाल्यानं लग्नातली मखमलीची खुर्ची काढली, नवरदेवाची. तीत बसवून चौघांनी त्यांना बोटीपर्यंत नेलं. पलीकडं अँब्युलन्स उभी होती. तिच्यात डिझेल आमच्याच पंपाचं होतं आणि ते मी डिप टाकून बघितलेलं होतं. धाराशिवच्या दवाखान्यात गुरुजी आठवडाभर राहिले, आणि आता घरी आहेत. फूटपट्टीच्या टोकाला लाल डाग पडलाय तो निघत नाही. काकू म्हणतात, काढायचापण न्हाय.

मी तिसऱ्या दिवशी घरी गेलो. आमच्या घरी एक रीत आहे, माझ्या नोकरीएवढीच जुनी. पंपावरून आलो की मी उंबऱ्याच्या बाहेरच शर्ट काढायचा आणि बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, साबणानं हात धुवायचे, आणि मगच आत यायचं. बायको म्हणायची डिझेलचा वास घरभर होतो. मी म्हणायचो, कसला वास? मला तर येत नाही. या एका मुद्द्यावर आमचा संसार वीस वर्षं अडून होता. तिनं कधी माघार घेतली नाही, मीही नाही. शर्ट मात्र रोज बाहेर राहिला.

मी जायच्या आधीच काकूंचा फोन येऊन गेला होता. पेस्ट, फूटपट्टी, खिचडीची फोडणी, सगळं घरी पोचलं होतं. उमरग्याला माझ्या मेव्हणीपर्यंतही गेलं होतं. मी उंबऱ्यापाशी उभा राहून गुंड्या काढायला लागलो आणि म्हणालो, येतो गं वास. कबूल. येतो.

ती दाराला टेकून माझ्याकडं बघत होती. जवळ आली, सुतळीचा वळ पोटावर उठला होता त्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "तीन दिवस घरात त्यो वास नव्हता, तर मला जेवण जाईना." मग शर्ट माझ्या हातातून घेऊन तिनं खिळ्याला अडकवला. "आता हात धुवा. आन गाडीत पेट्रोल टाकलंय का, त्याचा ताळा करून मगच आत या."